चारही दारांना डॅम्पिंग शीट लावूनही गाडीतला रस्त्याचा आवाज कमी होत नाही

दूरचा पल्ला :

नमस्कार. आमची हॅचबॅक सहा वर्षे वापरात आहे आणि ताशी ८० किलोमीटरच्या आसपास तिच्या मागच्या भागात एक सलग, जाड घरघर सुरू होते. गेल्या महिन्यात मी स्वतः चारही दारांचे पॅड उतरवून आतल्या पत्र्यावर अॅल्युमिनियमचा थर असलेली २ मिलिमीटर जाडीची ब्यूटाइल शीट चिकटवली. दार बंद करताना येणारा आवाज आता भारदस्त झाला आहे आणि स्पीकरही स्पष्ट वाजतात. पण ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला, ती घरघर जवळजवळ होती तशीच आहे. मोबाइलवरच्या डेसिबल मापकात आधी ७० दिसत होते, आता ६९ ते ७० दिसते.

मला हे काम नीट करायचे आहे, कारण माझी आई श्रवणयंत्र वापरते आणि प्रवासात ती मागच्या आसनावर बसते. घरात तिच्याशी व्यवस्थित बोलता येते. गाडी वेगात आली, की ती दोन-तीन वेळा ‘काय म्हणालास?’ असे विचारते आणि मग बोलणेच थांबवते. कधी कधी तर यंत्र काढून मांडीवर ठेवते. चार तासांच्या प्रवासात शेजारी माणसे असून तिला एकटे बसावे लागते, हे मला पाहवत नाही.

माझे कुठे चुकले आणि पुढे काय करावे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

ध्वनिलहरी :

तुमचे काम चुकलेले नाही. ज्या कामासाठी ती शीट असते, ते काम तिने केले आहे. अडचण अशी आहे, की ‘साउंडप्रूफिंग’ या एकाच शब्दाखाली तीन वेगळी कामे येतात आणि बाजारात तिन्हींचे साहित्य एकाच नावाने मिळते.

पहिले काम कंपन जिरवण्याचे. पत्रा थरथरतो आणि त्या थरथरण्यातून आवाज करतो. ब्यूटाइलचा चिकट थर पत्रा आणि वरचे अॅल्युमिनियम यांच्यामध्ये ताणला जातो आणि कंपनाची ऊर्जा उष्णतेत बदलतो. दारावर बोटाने ठोकले असता आधी ‘टण्ण’ असा आवाज येत असेल आणि आता ‘थप्प’ असा येत असेल, तर शीटने आपले काम चोख केले आहे.

दुसरे काम आवाज अडवण्याचे. बाहेरच्या हवेतून येणारा आवाज पत्र्यापलीकडे जाऊ नये, यासाठी वजन लागते. सैद्धांतिक हिशेबाने अडसराचे वजन दुप्पट केले, की आवाज सुमारे ६ डेसिबलने जास्त अडतो. यासाठी दर चौरस मीटरला सुमारे ५ किलो वजनाचे, लवचीक असे जड व्हिनाइल वापरतात. ते पत्र्याला घट्ट चिकटवले, तर पत्र्याबरोबर हलू लागते आणि त्याचा उपयोग घटतो. म्हणून त्याच्याखाली बंद छिद्रांच्या फोमचा मऊ थर देऊन ते मोकळे पडू द्यावे लागते.

तिसरे काम शोषण्याचे. केबिनमध्ये किंवा पोकळीत शिरलेला आवाज तंतुमय किंवा उघड्या छिद्रांच्या साहित्यात जिरतो. इथे जाडीला फार महत्त्व आहे. शोषक थर आवाजाच्या तरंगलांबीच्या एक चतुर्थांशाच्या जवळपास असेल, तेव्हा तो उत्तम काम करतो. २००० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी सुमारे १७ सेंटिमीटर, म्हणजे तिथे चारेक सेंटिमीटर जाडी पुरते. परंतु २०० हर्ट्झसाठी हाच हिशेब सुमारे ४३ सेंटिमीटरवर जातो. १० मिलिमीटरचा फोम लावून घरघर थांबेल, ही अपेक्षा म्हणूनच कधी पुरी होत नाही.

आता तुमच्या मापनाविषयी. बहुतेक मोबाइल अॅप ‘ए’ भारांकनात आकडा दाखवतात. या भारांकनात १०० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे १९ डेसिबल वजा होतात, कारण मंद पातळीवर माणसाच्या कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात. तुमची तक्रार नेमकी खालच्या स्वरांची आहे. ‘सी’ भारांकनात खालचे स्वर फारसे वजा होत नाहीत. अॅपमध्ये त्याची सोय असेल, तर दोन्ही आकडे टिपा. ‘सी’चा आकडा ‘ए’पेक्षा बराच मोठा आला, तर आवाजाचा भर खालच्या स्वरांत आहे, असे समजा.

आईंच्या बाबतीत हे खालचे स्वर विशेष त्रासदायक ठरतात. जाड, खालचा आवाज स्वतःपेक्षा वरच्या स्वरांना झाकून टाकतो आणि ‘स’, ‘श’, ‘त’ यांसारखी व्यंजने वरच्या स्वरांतच असतात. शब्द ओळखू येतात ते मुख्यतः व्यंजनांवरून. त्यामुळे आपण मोठ्याने बोललो, तरी त्यांना बोलण्याचा नाद कळतो आणि शब्द कळत नाहीत.

पाना-पक्कड :

साहित्याची चर्चा थोडी थांबवून आधी गाडी तपासावी, अशी माझी विनंती आहे. सहा वर्षांच्या गाडीत मागून घरघर येत असेल, तर पहिला संशय टायरवर आणि दुसरा बेअरिंगवर घ्यायचा असतो. बिघाडाच्या आवाजावर थर चढवणे चुकीचे तर आहेच, पण बेअरिंगच्या बाबतीत धोक्याचेही आहे, कारण जी सूचना कानावर यायला हवी ती आपण दाबून टाकतो.

टायरची परीक्षा हाताने होते. गाडी उभी असताना टायरच्या पृष्ठावरून तळहात आधी एका दिशेने आणि मग उलट दिशेने फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीच्या दातांसारखे लागले, तर नक्षीचे ठोकळे तिरके झिजले आहेत. हे बहुतेक वेळा आतल्या बाजूला होते आणि उभ्याने दिसत नाही. असा टायर वेगात थेट बेअरिंगसारखा गुंजतो.

बेअरिंगची खूण निराळी. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर एकाच वेगात गाडी हलकेच डावीकडे आणि मग उजवीकडे झुकवली, की भार एका बाजूच्या चाकांवरून दुसऱ्या बाजूच्या चाकांवर जातो. त्याबरोबर गुंजन वाढत-घटत असेल, तर बेअरिंग तपासून घ्या. आवाज बदलला नाही, तर एकाच बाजूचे पुढचे आणि मागचे टायर आपसांत बदलून पाहा. आवाज टायरबरोबर पुढे आला, तर उत्तर मिळाले.

दूरचा पल्ला :

दोघांचेही मनापासून आभार. आज सकाळी मागच्या उजव्या टायरवरून हात फिरवला आणि आतल्या काठाला अगदी तुम्ही लिहिल्याप्रमाणे करवतीचे दात लागले. डावीकडेही तेच, जरा कमी. पुढचे-मागचे टायर बदलून त्याच रस्त्यावर गाडी चालवली, तेव्हा गुंजनाचा मोठा भाग स्पष्टपणे पुढे सरकला होता. वळणावर आवाज बदलत नाही.

मागच्या चाकांचे अलाइनमेंट, म्हणजे चाके बसण्याचे ठरावीक कोन, बिघडलेले निघाले. ते दुरुस्त करून घेतो आणि टायरही बदलतो. मात्र मागच्या आसनाखालून येणारा खरखरीत आवाज टायर पुढे नेल्यावरही होताच. ‘सी’ भारांकनात ८८ आणि ‘ए’मध्ये ७० असे आकडे आले.

रात्रपाळी :

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, म्हणून लिहितो. मी फरशी, छत, दारे, डिकी, सगळीकडे एक इंचही न सोडता ब्यूटाइल लावले आणि गाडी खरोखर शांत झाली. त्यामुळे शीटने काही होत नाही, असा निष्कर्ष काढणे मला पटत नाही. जितकी जास्त लावाल, तितका परिणाम जास्त.

ध्वनिलहरी :

शीटने काही होत नाही, असे मी म्हटलेले नाही, आणि तुमच्या गाडीत फरक पडला यावर माझा पूर्ण विश्वास आहे. प्रश्न कष्टाच्या आणि वजनाच्या मोबदल्याचा आहे. मोठ्या, सपाट पत्र्याच्या मधोमध साधारण पाव ते निम्मे क्षेत्र झाकले, की कंपन जिरण्याचा बहुतांश फायदा मिळून जातो; त्यापुढे प्रत्येक तुकड्यामागे लाभ घटत जातो. संपूर्ण पत्रा झाकल्यावर उरलेली शीट केवळ वजन म्हणून काम करते, आणि निव्वळ वजनच हवे असेल, तर मोकळे ठेवलेले जड व्हिनाइल त्याच वजनात अधिक आवाज अडवते. शिवाय कारखान्यातूनच फरशीवर डांबरी थर दिलेला असतो. तो तडकलेला नसेल, तर त्यावर पुन्हा शीट लावण्याचे कारण नाही. ठोकून पाहावे, जिथे ‘टण्ण’ येईल, तिथेच लावावे.

आच्छादनाच्या प्रमाणापेक्षा सलगपणा कितीतरी महत्त्वाचा आहे. अडसराच्या एकूण क्षेत्रात १ टक्का उघडी फट राहिली, तर अडसर कितीही जड असो, तो एकूण २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही, कारण त्या फटीतूनच आवाजाची १ टक्का ऊर्जा आत येत राहते. माणसे आठवडाभर शीट लावतात आणि वायरिंगच्या भोकातला निसटलेला रबरी ग्रोमेट (भोक बंद करणारे रबरी कडे) तसाच सोडतात, हे पाहून मला फार हळहळ वाटते.

दूरचा पल्ला, तुमच्या आकड्यांत १८ डेसिबलचा फरक आहे, म्हणजे खालच्या स्वरांचा भर उघड आहे. या स्वरांपैकी बराच भाग टायर, सस्पेंशन आणि सांगाड्यातून कंपनाच्या रूपाने येतो. टायरमधली हवासुद्धा साधारण २०० ते २५० हर्ट्झला गुंजते. म्हणून काही टायरांमध्ये कारखान्यातच आतल्या बाजूला फोमचा पट्टा चिकटवलेला असतो. सांगाड्यातून येणाऱ्या या आवाजावर फरशीवरचा अडसर मर्यादितच चालतो. तिथे टायर, त्यातल्या हवेचा योग्य दाब आणि सस्पेंशनचे शाबूत रबरी बुश (सांध्यांतले रबरी तुकडे) हेच खरे उपाय आहेत. खरखर मात्र हवेतून येते. तिच्यासाठी फरशी आणि व्हील आर्च (चाकावरची पत्र्याची कमान) यांचे काम जरूर करा.

सावध चालक :

काम सुरू करण्याआधी सुरक्षेच्या काही गोष्टी मांडतो, कारण या विषयावरच्या बहुतेक चर्चांत त्या शेवटी ओझरत्या येतात.

आसने काढताना त्यांच्याखालच्या वायरी सोडाव्या लागतात. पिवळ्या रंगाचे कनेक्टर सहसा एअरबॅगचे किंवा सीटबेल्ट ताणणाऱ्या यंत्रणेचे असतात. बॅटरीची ऋण तार काढून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे आणि मगच त्यांना हात लावावा. आसन बाहेर असताना चावी फिरवू नये. तसे केल्यास यंत्रणा दोष नोंदवते आणि एअरबॅगचा दिवा लागून राहतो. आसनाच्या पायांखाली फोम किंवा व्हिनाइल येता कामा नये. तिथे धातूवर धातू बसला पाहिजे आणि बोल्ट टॉर्क रेंचनेच, ठरवून दिलेल्या मापाला आवळले पाहिजेत. अपघातात माणसाचा सगळा भार त्या बोल्टांवर येतो.

दारांविषयी एक गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक असते. अनेक गाड्यांत बाजूची धडक ओळखण्यासाठी दाराच्या पोकळीत हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. दार चेपले, की आतला दाब एकदम वाढतो आणि त्यावरून एअरबॅग उघडायची की नाही, हे ठरते. आतल्या पत्र्याची मोठी भोके मनाप्रमाणे बुजवली किंवा कारखान्याचे आवरण फाडून उघडी ठेवली, तर या पोकळीचे वागणे बदलते. तुमच्या दारात असा सेन्सर आहे का, हे अवश्य पाहा आणि असल्यास ते आवरण मुळात होते तसे, सर्व बाजूंनी चिकटवून परत बसवा.

दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्याची छिद्रे असतात. काचेवरून उतरणारे पावसाचे पाणी दारातूनच खाली जाते. ते बाहेर जाण्यासाठीच ती ठेवलेली असतात. ती बुजली, तर पाणी साचून दार आतून गंजते. याच कारणासाठी दारात, फरशीवर आणि व्हील आर्चमध्ये उघड्या छिद्रांचा स्पंजसारखा फोम कधीही वापरू नये. तो पाणी धरून ठेवतो.

आणखी एक. पेडलांखालच्या भागात जाडी वाढवू नका. कारपेट वर उचलले गेले, की अॅक्सिलरेटर किंवा ब्रेक पूर्ण दाबला जाण्यात अडथळा येऊ शकतो. इंजिनाजवळ किंवा सायलेन्सरवरच्या बोगद्याजवळ घरगुती फोम आणि स्वस्त डांबरी शीट नकोच. डांबर उन्हात मऊ होऊन ओघळते आणि केबिनमध्ये वास सोडते. गाडीच्या आतील साहित्य किती वेगाने जळू शकते, यावरही बंधने असतात. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा मानक ३०२ नुसार ही मर्यादा मिनिटाला १०२ मिलिमीटर आहे. साहित्य वाहनासाठी तयार केलेले आहे ना, हे बघूनच घ्यावे.

मंद्रसप्तक :

वाऱ्याच्या आवाजाचा उल्लेख अजून आलेला नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. तो वेगाबरोबर टायरच्या आवाजापेक्षा अधिक झपाट्याने वाढतो. ताशी १०० किलोमीटरच्या पुढे अनेक गाड्यांत तोच जास्त जाणवतो. दारांच्या कडांवर आणि आरशाच्या बुडाशी रंगकामाची कागदी चिकटपट्टी लावून त्याच रस्त्यावर फेरी मारा आणि एकेक पट्टी काढत जा. कोणती पट्टी काढल्यावर शिटीसारखा आवाज परततो, तिथे गळती आहे. दाराच्या बीडिंगमध्ये कागदाची पट्टी धरून दार लावा. ती सहज ओढून निघाली, तर त्या ठिकाणी रबर दबलेले आहे. हॅचबॅकच्या मागच्या दाराला आधाराचे रबरी ठोकळे असतात, ते फिरवून थोडे वर घेता येतात. मागचे दार सैल असेल, तर खडबडीत रस्त्यावर कानात दडे बसल्यासारखा दाब जाणवतो आणि लोक त्यासाठी उगाच फरशीला दोष देतात.

दूरचा पल्ला :

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. नवे टायर घेताना आवाजाकडे लक्ष दिले आणि अलाइनमेंट करून घेतले. एवढ्यानेच घरघरीचा मोठा वाटा गेला. त्यानंतर दोन सुट्ट्यांत मागचे आसन आणि कारपेट काढून फरशी व डिकी केली.

एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. उजव्या मागच्या चाकाच्या पुढे, आसनाच्या कोपऱ्याखाली, कारपेटच्या मागचा करडा नमदा एका ठिकाणी काळा पडला होता. साधारण तळहाताएवढा, मधोमध गडद आणि कडेला विरळ होत गेलेला डाग होता. आधी मला ते तेल वाटले. बोट लावले, तर कोरडी, पिठासारखी बारीक धूळ निघाली. त्याच्या बरोबर खाली फरशीच्या पत्र्यात एक गोल भोक होते आणि त्यातले रबरी बूच नव्हते. गाडीखाली दिवा धरला, तर भोकातून थेट प्रकाश वर आला. सहा वर्षे रस्त्यावरची हवा, धूळ आणि आवाज त्या एका भोकातून आईच्या पायांशी येत होते आणि नमदा ती धूळ गाळत बसला होता. डाव्या बाजूचे बूच जागेवर होते आणि तिथला नमदा स्वच्छ होता.

बूच बसवले, कडेला सीलंट दिले. मग पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, ठोकून, जिथे वाजत होता तिथेच ब्यूटाइल लावून रोलरने दाबले. स्पेअर चाकाची खोबण सर्वांत जास्त वाजत होती. त्यावर ६ मिलिमीटरचा बंद छिद्रांचा फोम आणि वर जड व्हिनाइल, सांधे एकमेकांवर घेऊन टेप मारून. मागची फरशी आणि डिकी मिळून सुमारे अडीच चौरस मीटर भरली, म्हणजे व्हिनाइलचेच बारा-साडेबारा किलो झाले. पेट्रोलच्या टाकीवरचे झाकण मोकळे ठेवले आहे. व्हील आर्चचे प्लास्टिक अस्तर काढून वरच्या पत्र्यावरही शीट लावली. पेडलांकडे काहीही केले नाही.

आकडे त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, पंखा बंद ठेवून आणि टायरमधला दाब सारखा ठेवून घेतले. ‘ए’मध्ये ७० चे ६६ झाले आणि ‘सी’मध्ये ८८ चे ८५. आकड्यांत हे थोडे वाटेल, पण पुढच्या आसनावरून सहज स्वरात बोललेले मागे पोहोचते. काल आईला घेऊन निघालो होतो. बहीण पुढे बसली होती आणि आमचे दोघांचे काहीतरी हिशेबाचे बोलणे चालले होते. मध्येच मागून आई म्हणाली, ‘ती रक्कम मागच्या वर्षीच दिली आहे रे.’ मी आरशात पाहिले. यंत्र कानातच होते.

ध्वनिलहरी :

४ डेसिबलचा फरक कानाला स्पष्ट जाणवतो आणि अशा ठिकाणी बोलणे समजण्याच्या दृष्टीने तो फार मोठा असतो. वाचून अतिशय आनंद झाला. व्हिनाइलचे सांधे एकमेकांवर घेतलेत, त्याचा या आकड्यात नक्कीच वाटा आहे.

पाना-पक्कड :

उत्तम काम झाले आहे. पहिला जोराचा पाऊस झाल्यावर मागच्या फरशीचे कारपेट एका कोपऱ्यातून उचलून फोमखाली हात घालून पाहा. ओल लागली, तर व्हिनाइल वाळण्याची वाट न पाहता ते उचला आणि आधी पाणी कुठून आले, ते शोधा. टायरवरून तळहात फिरवण्याची परीक्षा दर पाच हजार किलोमीटरला करत राहा. अलाइनमेंट पुन्हा सरकले, तर ते आधी हाताला कळेल आणि नंतर कानाला.